गिंपमध्ये काल्पनिक नकाशा: किनारा पटकन होतो, अडतं ते नावांवर

काल्पनिक प्रदेशाचा किनारा, डोंगर, नद्या गिंपमध्ये (चित्रं संपादित करायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये) कशा काढायच्या याची इंग्रजी ट्युटोरियल ढिगाने आहेत, आणि ती पाहून काम होतंही. पण नकाशावर देवनागरीत नाव घालायचं म्हटलं की त्यातलं एकही उपयोगी पडत नाही. वळणाच्या नदीलगत 'वज्रगंगा' लिहायचं, एवढंच काम. माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी किनारा उरकून टाकतो. ए३ आकारात ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापायचं असेल तर ४९६१ × ३५०८ पिक्सेलचा कॅनव्हास घ्या. पहिल्या लेयरवर 'सॉलिड नॉइज' फिल्टर (ढगांसारखा काळा-पांढरा पोत), डिटेल १५. वर दुसरा लेयर, मधोमध पांढरा आणि कडेला काळा असा रेडियल ग्रेडियंट, मोड 'मल्टिप्लाय'. दोन्ही मर्ज करून 'थ्रेशोल्ड'चा (चित्र निव्वळ काळं-पांढरं करणाऱ्या टूलचा) स्लायडर हलवा, पांढरी जमीन उमटते. कड फार दातेरी वाटली तर ३-४ पिक्सेल गॉसियन ब्लर देऊन पुन्हा थ्रेशोल्ड. डोंगर उठवताना नकाशाच्या वरच्या बाजूपासून खाली या, म्हणजे पुढचा डोंगर मागच्याला झाकतो. नद्या मात्र पाथ टूलनेच (पाथ म्हणजे बिंदू जोडून हवी तशी वाकवता येणारी रेषा) काढा. समुद्राकडे जाताना नद्या एकमेकींना मिळतात. वाटेत फुटून दोन वेगळ्या समुद्रांना गेलेली नदी पाहणाऱ्याला लगेच खटकते.

आता नावं. टेक्स्ट टूलने नाव टाइप करायचं, नदीलगत पाथ डावीकडून उजवीकडे ओढायचा (उलटा ओढला तर अक्षरं डोक्यावर उभी राहतात), आणि टेक्स्ट लेयरवर उजवं क्लिक करून 'टेक्स्ट अलाँग पाथ'. नाव वाकून नवा पाथ तयार होतो. 'पाथ टू सिलेक्शन' करून वेगळ्या पारदर्शक लेयरवर रंग भरला की झालं, असं सगळे सांगतात. रोमन लिपीत ते होतंही. देवनागरीत मात्र शिरोरेषेवर दर दोन अक्षरांच्या सांध्यात एक बारीक फट दिसते. 'व' आणि 'ज्र' यांच्यात एक, 'ज्र' आणि 'गं' यांच्यात एक. दूरून रेघ तुटक वाटते. ४०० टक्के झूम केलं की चौकोनी खाच स्पष्ट दिसते.

दोष फाँटचा नाही. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून फाँट करणारे प्रत्येक अक्षराची वरची रेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढवतात. साध्या टेक्स्ट लेयरमध्ये ते कळत नाही. पण पाथचं सिलेक्शन होताना जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तो भाग गिंप वगळतं. म्हणजे रेघ जिथे जुळायला हवी, नेमकी तिथेच ती कापली जाते. मला हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही. फाँट बदला, आकार बदला, असले सल्ले मिळाले. त्यांनी काहीच फरक पडत नाही.

उपाय असा. रंग भरण्याआधी, सिलेक्शन चालू असतानाच, मेझर टूलने फटीची रुंदी मोजा. ती ५ पिक्सेल असेल तर सिलेक्ट मेन्यूतून 'ग्रो' (सिलेक्शन फुगवणं) ३, आणि लगेच 'श्रिंक' (आक्रसणं) ३. फट बुजते आणि अक्षरांची जाडी पहिल्याएवढीच राहते. फटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त आकडा घ्या. मोठा घेतलात तर 'ज्र'मधल्या बारीक जागाही बुजतात. त्याच मेन्यूतल्या 'रिमूव्ह होल्स'च्या नादी लागू नका. त्याने 'व', 'ब', 'ष' यांची पोटं भरून जातात. पाथला त्याच रंगाचा स्ट्रोक (कडेने रेघ) दिला तरी फट झाकली जाते, पण अक्षर जाड होतं. मग मुळातच हलक्या वजनाचा, म्हणजे बारीक रेघेचा, फाँट घ्यावा लागतो. मुक्ता या फाँटमध्ये अशी बरीच वजनं आहेत.

इंकस्केप या दुसऱ्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर पाथवर बसवता येतो, पण तिथे प्रत्येक अक्षर न वाकता नुसतं तिरकं होतं. पसरट वळणावर चालून जातं. वळण जरा तीव्र झालं की शिरोरेषेला कोपरे पडतात.

मोठ्या प्रदेशाचं नाव पसरून लिहायचं तर 'लेटर स्पेसिंग' वाढवून शिरोरेषा तोडण्यापेक्षा शाळेच्या नकाशातली पद्धत बरी: 'वि ज न   प्र दे श'. स्पेस हाताने द्या आणि जोडाक्षराच्या मधे देऊ नका, नाहीतर 'प् र' असा पाय मोडलेला प दिसतो. गावांची नावं आडवीच ठेवा. ४० पिक्सेलखालचं अक्षर वाकवून वाचता येत नाही.

फाँटचं आधीच सांगायला हवं होतं: युनिकोडच घ्या. डीटीपीवाल्यांकडचे जुने फाँट इथे चालत नाहीत. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर 'टिरो देवनागरी मराठी' हा फाँट मोफत मिळतो. काही फाँटमध्ये ही अक्षरं असतात, पण टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा मराठी निवडल्याशिवाय ती येत नाहीत.

नाव डोंगराच्या रेघांवर आलं तर नावाचं सिलेक्शन ६ पिक्सेल 'ग्रो' करून खालच्या लेयरवर कागदाचा रंग भरा. नाव सुटं आणि स्वच्छ दिसतं.

आणि वाकवलेलं नाव पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही, कारण तो आता नुसता रंग असतो. म्हणून मूळ टेक्स्ट लेयर पुसू नका. सगळे एका ग्रुपमध्ये टाकून डोळ्याची खूण बंद करा आणि फाइल एक्ससीएफमध्येच (लेयर जपणाऱ्या गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये) सेव्ह करा. वाकवण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, कारण एक वेलांटी बदलली तरी पाथ, ग्रो, श्रिंक हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं.