आमची वाटचाल : कॉलम शाबूत होता

भोसरीच्या गाळ्यात मी आणि माझा मेहुणा, दोघांनी सुरुवात केली तेव्हा काम म्हणजे हवा उपसणाऱ्या रोटरी पंपाचं तेल बदलणं आणि व्हॅक्यूमची गळती शोधणं. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, म्हणजे उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणारं यंत्र, आमच्याकडे आला तो एका महाविद्यालयातून. यंत्र चालत होतं, पण फोटो निघत नव्हता. पडद्यावरची प्रतिमा टिपायला त्याला पोलरॉइड कॅमेरा होता, आणि २००८ साली पोलरॉइडने झटपट फिल्म बनवणंच थांबवलं. सरांनी भंगाराचा अर्ज लिहून ठेवला होता.

आम्ही कॉलम, म्हणजे झोत ज्यातून खाली येतो ती उभी नळी, उघडून पाहिला. वर टंगस्टनची बारीक तार, म्हणजे फिलामेंट, तापते. तिच्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना ३० किलोव्होल्टपर्यंतच्या विद्युतदाबाने वेग मिळतो, विद्युतचुंबकीय भिंगं त्यांचा झोत काही नॅनोमीटरइतका बारीक करतात आणि स्कॅन कॉइल तो नमुन्यावरून ओळीओळीने फिरवतात, शेतात तास घालावेत तसा. नमुन्यातून उडालेले दुय्यम इलेक्ट्रॉन डिटेक्टर पकडतो. जिथे ते जास्त, तिथे पडद्यावर उजेड. प्रतिमा मोठी करायला भिंग बदलावं लागत नाही, झोत कमी जागेत फिरवला की झालं. मला या यंत्राची हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

तांब्याची वेटोळी आणि लोखंड झिजत नाही. थकलं होतं ते इलेक्ट्रॉनिक्स. स्कॅन कॉइल चालवणारा जुना स्कॅन जनरेटर काढून संगणकाला जोडलेला बसवला, डिटेक्टरचा खराब झालेला सिंटिलेटर (इलेक्ट्रॉन आदळला की चमकणारा भाग) बदलला, ॲपर्चर, म्हणजे झोत ज्यांतून जातो ती बारीक भोकं, साफ केले. कॉलममधली हवा तेलाच्या वाफेने उपसणाऱ्या डिफ्यूजन पंपाच्या जागी फिरत्या पात्यांचा टर्बो पंप घातला, म्हणजे तेलाच्या वाफेची भीती गेली.

एवढं करूनही प्रतिमेच्या कडा करवतीसारख्या दिसत होत्या. चार दिवस आम्ही आमच्याच वायरिंगवर संशय घेत राहिलो. शेवटी मेहुण्याने ओळी मोजल्या. एक ओळ १ मिलिसेकंदाची, लाट दर २० ओळींनी परत येत होती. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे घरातली वीज! शेजारच्या भिंतीत एसीचा फेज एका पाइपातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून नेला होता. मधल्या जागेतलं चुंबकीय क्षेत्र झोताला हलवत होतं. दोन्ही तारा एकाच पाइपातून नेल्या आणि कडा सरळ झाल्या.

तेव्हापासून नवीन ठिकाणी गेलो की यंत्राला हात लावण्याआधी आम्ही खोलीतलं चुंबकीय क्षेत्र मोजतो. त्या पहिल्या यंत्राची फिलामेंट आजही आम्हीच बदलतो.