बाबांची फ्लूची लस आणि खोकल्याचा रकाना: माझा अनुभव

लस टोचायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांपर्यंत पोचायला आम्हाला चार आठवडे लागले. आता तीन महिने होऊन गेले, तरी ते दिवस आठवले की माझं डोकं तापतं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी निदान यातल्या तारखा तरी वाचाव्यात, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर डिचोली तालुक्यात. बाबा ७४ वर्षांचे. मधुमेह पंधरा वर्षांचा, दमा त्याहून जुना. दोन वर्षांपूर्वी जुलैत त्यांना फ्लू झाला, त्याचा न्यूमोनिया झाला आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नऊ दिवस काढावे लागले. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी कार्डावर, औषधांच्या यादीखाली, एक ओळ लिहून दिली: दरवर्षी फ्लूची लस. मागच्या वर्षी आमच्या गावच्या डॉक्टरांनी ती दिली, त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. यंदा मे महिन्यात गेले तर ते म्हणाले, "बाय, मी ही लस ठेवणं बंद केलं. वीज जाते ती दोन-दोन, तीन-तीन तास येत नाही. ही लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. बिघडलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच दिसते. तुझ्या बाबांना तसली टोचून मला झोप लागायची नाही."

हे ऐकून मला त्यांचा आदरच वाटला. सरकारी आरोग्य केंद्रात विचारलं. तिथल्या सिस्टरने नीट समजावलं की लहान मुलांच्या मोफत लशी ज्या राष्ट्रीय कार्यक्रमातून येतात, त्यात फ्लूची लस नाही, त्यामुळे त्यांच्याकडे ती नाही. उरलं शहरातलं एक खासगी इस्पितळ. नाव लिहीत नाही.

२१ मे, बुधवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाबांना घेऊन गेले. काउंटरवर एक छापील फॉर्म दिला. नाव, वय, आजार, ॲलर्जी, आणि शेवटून दुसरा रकाना: "सध्या सर्दी किंवा खोकला आहे का? हो / नाही." बाबांनी खिशातलं पेन काढलं, चष्मा नाकावर सरकवला आणि "हो"वर बरोबरची खूण केली. त्यांना खोकला आहेच. गेली वीस वर्षं आहे. सकाळी उठले की दहा मिनिटं खोकतात, मग पंप ओढतात, मग चहा. काउंटरवरच्या मुलीने ती खूण पाहिली आणि फॉर्म परत सरकवला. "खोकला असेल तर लस देता येत नाही. फिजिशियनकडून फिट असल्याचं लिहून आणा."

फिजिशियन मंगळवारी आणि शुक्रवारी.

मी बांबोळीचं कार्ड काढून दाखवलं. "हे जुनं आहे." मी म्हटलं, ताप नाही, दमा आहे, दम्याचाच खोकला आहे, तुम्ही थर्मामीटर लावून बघा. ती म्हणाली, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. मी स्वतः एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. नियमाबाहेर जाता येत नाही हे मला कळतं. पण एखाद्या आजोबांना कागद कमी पडले म्हणून परत पाठवायची वेळ आली, तर आणखी काय काय लागेल ते सगळं एका कागदावर लिहून देते, म्हणजे त्यांना तिसरी खेप पडत नाही. इथे आम्हाला प्रत्येक खेपेला एकच पुढची पायरी सांगितली गेली.

२७ मे, मंगळवार: फिजिशियन रजेवर. फोन करून यावं म्हणाल, तर मी सकाळी सहा वेळा फोन लावला होता, कोणी उचलला नाही. ३० मे, शुक्रवार: भर पावसात गेलो, बाबांची चप्पल पार्किंगच्या पाण्यात गेली, ती काढून दिली रिक्षावाल्याने. दीड तासाने नंबर आला. फिजिशियननी छाती तपासली, ऑक्सिजन बघितला आणि म्हणाले, "यांना कशाला थांबवलं? साधा सर्दी-खोकला असला तरी ही लस देता येते. ताप असेल, माणूस खरोखरच आजारी असेल, तरच बरं होईपर्यंत थांबायचं. दमेकऱ्यांना तर ती आधी द्यायला हवी." केसपेपरवर लिहून दिलं. तो कागद घेऊन मी इंजेक्शन रूमपर्यंत जवळजवळ धावत गेले. सिस्टर म्हणाली, "स्टॉक काल संध्याकाळी संपला."

मला रडू आलं. बाबा बाकावर बसून ओली चप्पल रुमालाने पुसत होते. ते मला म्हणाले, "चल, पुढच्या वेळी."

म्हणजे २१ तारखेला लस तिथल्या फ्रीजमध्ये होती. त्या एका रकान्यापायी आम्ही ती न घेता परत आलो होतो.

औषधाच्या दुकानातून आणून टोचून घ्यावी का, असा विचार केला. दुकानदार म्हणाला, चिठ्ठी आणा, मागवून देतो. पण बाहेरून आणलेली लस टोचायला कोणी तयार होईना, आणि त्यांचंही बरोबर आहे. दुकान ते दवाखाना या वाटेवर ती किती तापली हे कोण सांगणार? लस जिथे टोचतात तिथल्याच फ्रीजमधली घ्यावी.

दहा दिवसांनी या म्हणाले होते. मी रोज फोन करत राहिले. १६ जूनला पहिल्यांदा कोणीतरी उचलला: आला स्टॉक. १७ ला, मंगळवारी, आम्ही साडेआठला हजर. काउंटरवर तीच मुलगी. केसपेपर बघून म्हणाली, "हा पंधरा दिवसांवर गेला, नवीन काढावा लागेल. आजचे नंबर भरले. शुक्रवारी या."

त्या क्षणी मी काउंटर सोडला आणि सरळ फिजिशियनच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. आवाज चढवला नाही. आतला पेशंट बाहेर आल्यावर फक्त म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही ३० तारखेला लिहून दिलं होतं, आज पुन्हा थांबवलंय." त्यांनी बाबांना ओळखलं, उभ्या उभ्या नाडी बघितली, ताप नाही ना विचारलं, त्याच कागदावर नवी तारीख टाकून सही केली. दहा सेकंद. हे मी २१ मेलाच करायला हवं होतं. काउंटरवर अडलं तर तिथे वाद घालू नका, ज्याला निर्णय घेता येतो त्या माणसाकडे जा.

इंजेक्शन रूममधली सिस्टर फार चांगली होती. फ्रीजचं दार उघडून आतला तापमानाचा आकडा वाचला, वहीत लिहिला, मग खोका काढला. मी मुदतीची तारीख आणि हंगाम बघायला मागितला, तिने लगेच हातात दिला. हे सगळ्यांनी बघावं. फ्लूचा विषाणू रूप बदलत असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीतले प्रकार वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर कोणत्या हंगामाची लस ते छापलेलं असतं. मागच्या हंगामाची उरलेली नको, नवी हवी. अर्धा मिलिलिटर औषध भरलेली तयार सिरिंज तिने क्षणभर तळहातात धरली, "बाबा, हात सैल सोडा" म्हणाली, आणि झालं. पंधरा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. बिल दोन हजारांच्या आसपास.

आता तारखांचं. लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर, जून ते सप्टेंबर, आणि लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये असते. म्हणून मे. २१ मेला लस मिळाली असती तर शाळा उघडायच्या सुमाराला बाबांना ते कवच मिळालं असतं. मिळाली १७ जूनला.

सांजांवच्या (गोव्यातला सेंट जॉनचा सण) दिवशी, २४ जूनला, बहीण मुलाला घेऊन आली होती. मुलगा सहा वर्षांचा, नाक गळत होतं, दिवसभर आजोबांच्या मांडीवर. २५ च्या संध्याकाळी बाबांना थंडी वाजून ताप भरला: १०२.४. अंग इतकं दुखत होतं की कूस बदलताना कण्हत होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, लस घेतली म्हणूनच हा ताप." नाही. या लशीत विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. हात दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, ती टोचल्यावर लगेच. बाबांचा ताप आठव्या दिवशी आला होता आणि कवच अजून तयार व्हायचं होतं. कवच तयार झाल्यावरही फ्लू होऊ शकतो, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो, म्हणून तर लस घ्यायची.

यावेळी मी वाट बघत बसले नाही. धडधाकट माणसाने साध्या तापात घरी पडून राहावं, पाणी आणि पेज घ्यावी, पॅरासिटामॉल घ्यावं, चालतं. पण ६५ च्या वरचे, गरोदर बायका, लहान मुलं, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, यांनी पहिल्या दिवशीच डॉक्टर गाठावा. फ्लूच्या गोळ्या, ओसेल्टामिव्हीर, पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोगी पडतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौथ्या दिवशी गेलो होतो. यंदा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गावच्या डॉक्टरांकडे होतो. त्यांनी रिपोर्टसाठी न थांबता गोळ्या सुरू केल्या, दिवसातून दोन, पाच दिवस, आणि पावसाचे दिवस म्हणून डेंग्यू-मलेरियासाठी रक्तही पाठवलं. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय तापाची दुसरी गोळी द्यायची नाही असं बजावलं. औषधाच्या दुकानात एकाने तीन गोळ्यांचं अँटिबायोटिकही पुढे केलं होतं. घेतलं नाही, विषाणूवर ते चालत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणा मी फ्रीजवर लिहून चिकटवल्या. श्वास लागणं, छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, थुंकीतून रक्त, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी खूप कमी होणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन, रात्र असली तरी. लहान मुलांमध्ये बरगड्या आत ओढल्या जाणं, दूध-पाणी नाकारणं, झटके. मुलांना ॲस्पिरिन मात्र कधीच देऊ नये.

आणि एक खूण मी लाल पेनाने लिहिली: ताप उतरून पुन्हा चढणं. दोन वर्षांपूर्वी आम्ही याच ठिकाणी फसलो होतो. चौथ्या दिवशी औषध आणलं, पाचव्या दिवशी ताप उतरला, बाबा अंगणात येऊन बसले, आम्ही सगळे निर्धास्त झालो. सातव्या रात्री ताप परत आला, खोकला वाढला, आणि पहाटे आम्ही १०८ मध्ये होतो. म्हणून यंदा तिसऱ्या दिवशी ताप ९९ वर आला तरी मी वही बंद केली नाही. दर सहा तासांनी ताप, ऑक्सिजन, आणि सकाळ-संध्याकाळ साखर, कारण तापात ती चढते. चौथ्या दिवशी ऑक्सिजन ९५. आठव्या दिवशी सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून बाबा स्वतः उठून फाटकापर्यंत गेले आणि चार पाव घेऊन आले. त्या वहीवर मी त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.

एक राहिलं. भाच्याला आम्ही जुलैअखेर लस दिली. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. दुसरा नेमका चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत आला, घर पाहुण्यांनी भरलेलं, तरी बहिणीने चुकवला नाही. त्यांच्या डॉक्टरांकडे फॉर्म नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "ताप आहे का?"