आजीचे पंधरा सेकंद

दुपारची जेवणे आटोपून ओटा पुसून झाला की सासूबाई दिवाणावर कलंडतात आणि चहाची वेळ होईपर्यंतचा तासभर मी हॉलमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसते. गेल्या आठवड्यात अशाच एका दुपारी समोरच्या कपाटावर ठेवलेल्या डिजिटल फोटो फ्रेममध्ये माझी आजी आली. नऊवारी लुगडे, डोक्यावरून घेतलेला पदर, मांडीवर गुबगुबीत धाकटा काका, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत तारीख : १४ मार्च २०२५. आजी गेली तेव्हा आमच्या घरी टेलिफोनसुद्धा आलेला नव्हता. तरीही त्या चौकटीच्या मते ती २०२५ च्या मार्चमध्ये मांडीवर मूल घेऊन कुठेतरी बसली होती, आणि चौकट हे इतक्या ठामपणे सांगत होती की क्षणभर मी कॅलेंडरकडे पाहिले.

याचे कारण साधे आहे. डिजिटल फोटोच्या पोटात तो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, कॅमेरा उभा होता की आडवा, अशी सगळी टिपणे लिहिलेली असतात. एक्झिफ नावाची ही पद्धत १९९५ साली जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने ठरवली आणि ती आजतागायत चालू आहे. मी जुन्या अल्बममधल्या फोटोंवर मोबाईल धरून त्यांचे फोटो काढले, तेव्हा मोबाईलने आपल्या समजुतीप्रमाणे त्या दिवसाची तारीख लिहून टाकली. फ्रेमला कागदावरचा फोटो आणि समोर बसलेले माणूस यांतला फरक कळण्याचे काहीच कारण नाही. त्यामुळे तारखेच्या क्रमाने फोटो दाखवायला सांगितले की आधी भाच्याच्या मुलीचे बारसे येते, मग आमची कोकणातली सहल, मग सोसायटीतला गणपती, आणि या सर्वांनंतर, घरातली सर्वांत नवी व्यक्ती म्हणून, आजी.

फ्रेम भाच्याने आणून दिली. त्यानेच ती कपाटावर मांडली, ॲप माझ्या मोबाईलवर घातले, फ्रेमच्या पडद्यावर उमटलेला कोड त्यात टाकून दोघांची ओळख करून दिली आणि नंतर बराच वेळ राउटरशी झटापट करत बसला. "मावशी, हिला फाइव्ह गिगाहर्ट्झ दिसतच नाही गं," असे तो मला सांगत होता, जणू मी तिचा चष्मा आणून देणार होते. अशा बहुतेक फ्रेम २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय पकडतात, आणि आमच्या घरात ते एका परीने बरेच आहे, कारण जास्त वारंवारितेच्या लहरी काँक्रीटच्या भिंतींपुढे लवकर दमतात. बाकीचे लगेच जमले. आता तो बंगळुरूहून बारशाचे फोटो पाठवतो आणि ते घोडबंदर रोडवरच्या आमच्या कपाटावर आपोआप येऊन बसतात. पेढे अजून कुरिअरनेच यावे लागतात.

फ्रेम भिंतीवर लावायची नाही, कपाटावरच ठेवायची, हे मात्र भिंतीनेच ठरवले होते. आमच्या इमारतीच्या भिंती विटांच्या नाहीत. ठाण्यातले नवे मनोरे ज्या मायवान पद्धतीने उभे राहतात, तिच्यात ॲल्युमिनियमचे साचे उभारून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. अशा भिंतीत हातोडीने ठोकलेला खिळा जात नाही. तो वाकतो, किंवा उडून थेट सोफ्याखाली जातो. जी काय टांगाटांग करायची ती ड्रिल लावून, प्लग घालून. साहजिकच आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत भिंती कोऱ्या आहेत आणि माणसे, देव, पदव्या, ट्रॉफ्या, सगळे काही कपाटांवर आहे.

मी वाढले त्या नौपाड्यातल्या घराच्या भिंती चुन्याच्या होत्या आणि त्यांत खिळा इतका सहज जाई की कधीकधी सहज बाहेरही येई. माजघराच्या दारावर, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, ओळीने तसबिरी होत्या. मध्यभागी कमळातली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती. राजा रविवर्म्याने १८९४ साली घाटकोपरला जो छापखाना काढला, त्याने असे देव घरोघरच्या भिंतींवर पोहोचवले; पुढे तो मळवलीला गेला. आमच्या देवींचे मूळ गाव घाटकोपर की मळवली हे कुणी तपासले नव्हते, पण त्यांच्या दोन्ही अंगांना माणसे होती. डावीकडे पणजोबा, फेट्यात. उजवीकडे आजोबा, काळ्या टोपीत. दोघांनाही चंदनाचे हार. हयात माणसांपैकी भिंतीवर कुणाला जागा मिळावी याविषयी घरात एक अलिखित कायदा होता आणि तो आजी चालवीत असे. लग्नाचा जोडफोटो चालत असे. पदवीचा, काळ्या झग्यातला, चालत असे. नुसताच चांगला आला म्हणून फोटो चालत नसे. माझ्या आत्याने एकदा खंडाळ्याच्या सहलीतला, केस वाऱ्यावर उडालेला स्वतःचा फोटो काचेत बसवून आणला होता. तो भिंतीपर्यंत कधी पोहोचला नाही, ट्रंकेवर उभा राहिला.

त्या तसबिरी भिंतीला सपाट लावलेल्या नसत. खालची कड भिंतीला टेकलेली आणि वरची कड दोरीवर पुढे झुकलेली, म्हणजे खाली पाटावर बसलेल्या माणसालाही चेहरा दिसे आणि काचेवर खिडकीचा उजेड चमकत नसे. मागे राहिलेल्या त्या तिरक्या फटीत चिमण्या घर करीत. आमच्याकडे त्यांची पसंती आजोबांना होती. लक्ष्मीच्या मागे त्या कधी गेल्या नाहीत, पणजोबांच्या मागे एकदाच प्रयत्न झाला आणि सोडून दिला गेला. आजोबांच्या मागे मात्र दरवर्षी गवताच्या काड्या, कापसाचे बोळे, कुठल्याशा लाल लोकरीचा धागा यांची आवक सुरू होई आणि जेवताना पानात काडी पडली की आई वर न पाहता ती उचलून टाकी. गुढीपाडव्याच्या आधी सगळ्या तसबिरी उतरवून काचा पुसल्या जात, पण पिल्ले असली तर आजोबांना हात लावायचा नाही, असा आजीचा हुकूम होता. मग सगळे देव चकचकीत आणि आजोबा धुळीत, अशा अवस्थेत आमचा पाडवा होई. पिल्लांचा चिवचिवाट सुरू झाला की आजी त्या दिशेला पाहून म्हणे, "ह्यांना जिवंतपणी आवाज खपत नव्हता हो घरात." हे ती दरवर्षी म्हणे आणि दरवर्षी स्वतःच हसे.

आमची फ्रेम दहा इंचांची आहे आणि तिच्यात असा कायदा नाही. जो फोटो पाठवाल तो ती घेते. देव, माणसे, हयात, नाहयात, विजेच्या बिलाचा चुकून पाठवलेला फोटोदेखील, सारे तिला सारखेच. प्रत्येकाने पंधरा सेकंद थांबायचे आणि पुढच्याला जागा द्यायची. सुरुवातीला हे फार आवडले, कारण अल्बम कपाटात होते तेव्हा वर्षवर्ष कुणी उघडत नव्हते आणि आता जाता-येता माणसे भेटतात. पण या पंधरा सेकंदांनी मला एक खोड लावली आहे. एखादा फोटो आला आणि मी त्याच्याकडे पाहिले, की तो बदलेपर्यंत मला तिथून हलता येत नाही. हातात गरम चहाचा कप असो, कुकरची शिट्टी होवो, समोर मामा आहेत आणि आपण पाठ फिरवून निघून गेलो हे मनाला पटत नाही. दोन फोटोंच्या सांध्यावर, म्हणजे मामा गेले आणि पुढचा अजून नीट उमटला नाही अशा क्षणी, खोलीतून सटकायचे तंत्र मी बसवले आहे. सासूबाईंची तक्रार उलटी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना माणूस ओळखायला वेळ लागतो, आणि ओळख पटून नाव ओठांवर येते तोवर तिथे दुसरेच कुणी असते. "अगं, ह्यांना जरा थांबव ना," त्या म्हणतात, "बघून होण्याआधीच निघतात मेले."

वेळ वाढवता येतो. अर्धा मिनिट, मिनिट, तास, दिवससुद्धा. पण मिनिट ठेवला की बारशातल्या अनोळखी पाहुण्यांकडेही मिनिटभर पाहावे लागते, आणि माझ्या खोडीमुळे ते मला परवडत नाही. जगातला पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली बनवला होता. त्याला एक फोटो कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद लागत आणि तो कृष्णधवल फोटो अवघ्या दहा हजार ठिपक्यांचा असे. तो पाहायचा कसा, तर कागदावर नव्हे, टीव्हीच्या पडद्यावर. म्हणजे हे फोटो जन्मापासून पडद्यावरचेच आहेत, भिंतीचा हक्क त्यांनी कधी सांगितलेलाच नाही. पण फोटो टिपायला तेवीस सेकंद आणि पाहायला पंधरा, हा हिशेब काही माझ्या गळी उतरत नाही.

जुने फोटो फ्रेममध्ये घालताना एक गंमत ध्यानात आली. आजीचा तो कृष्णधवल फोटो आजही खणखणीत आहे, पदराच्या काठावरची वीण मोजता येते. पण माझ्या भावाच्या मुंजीतले रंगीत फोटो तांबूस पडले आहेत, भटजींपासून केळीच्या खांबापर्यंत सगळे सारख्याच लालीचे. कृष्णधवल फोटोत चांदीचे कण असतात आणि ते नीट धुतलेले असले तर चिवट असतात. त्या काळच्या रंगीत कागदावरचा निळसर रंग मात्र बंद अल्बमच्या अंधारातही हळूहळू विरतो आणि तांबडा तेवढा मागे उरतो. त्यावर चिकट पानांचे ते अल्बम, ज्यांतून फोटो सोडवताना दात साफ करायचा दोरा पानाखालून अलगद फिरवावा लागला. फ्रेमच्या पडद्यावर उभे फोटो आणखी एका संकटात सापडतात. पडदा आडवा, फोटो उभा. 'पूर्ण पडदा भरा' असे सेटिंग असले की ती फोटोचा मधलाच भाग घेते, आणि मावशी पदराच्या निऱ्यांपासून कमरेपर्यंत येतात, डोके वर कुठेतरी राहते. आता मी दोन्ही बाजूंना काळे पट्टे पत्करले आहेत.

सर्वपित्री अमावास्येला खरा पेच पडला. सासऱ्यांचा फोटो आता कपाटावर वेगळा नाही, फ्रेममध्येच आहे. पान वाढले, उदबत्ती लावली, सासऱ्यांना पडद्यावर आणले आणि सासूबाई हात जोडून डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे उघडले तेव्हा नैवेद्यासमोर भाचा होता, मामलेदार कचेरीजवळची मिसळ खाताना, तर्रीचा ओघळ हनुवटीवर. क्षणभर कुणी बोलले नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "खाऊ दे त्याला. यांनाही आवडायचीच." मी एक दिवसाचे सेटिंग लावून सासऱ्यांना परत आणले आणि संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत. हार मात्र घालता आला नाही. त्या गुळगुळीत कडेवर तो टिकत नाही, आणि पडदा बोटाच्या स्पर्शावर चालत असल्याने फुलांनीही मध्येच काहीतरी निवडले असते.

भाच्याला आजीच्या तारखेचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तारीख बदलता येते, साल सांग फक्त." साल काढणे अवघड नव्हते. जुलै १९६१ मध्ये पानशेतचे धरण फुटले तेव्हा आजी बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी होती आणि शनिवार पेठेत पाणी शिरल्यावर पंधरा दिवसांच्या काकाला घेऊन शेजाऱ्यांच्या माडीवर राहिली होती. फोटोत काका आधाराशिवाय बसलेला आहे, समोरचे दोन दात दिसतात. म्हणजे १९६२ चा आरंभ, तलावपाळीजवळच्या स्टुडिओत, थंडीचे दिवस, कारण त्याच्या डोक्यावर कुंची आहे. भाच्याला हे पुरेना. त्याच्या मोबाईलमधल्या रकान्याला दिवस हवा होता, तास हवा होता, मिनिटही हवे होते. कामे उरकून, वेणीफणी करून, मुलाला खाऊ घालून आजी स्टुडिओत पोहोचली असेल तर दुपार कललेलीच असणार. आम्ही १५ जानेवारी १९६२, दुपारचे साडेचार असे लिहिले. आता तारखेच्या क्रमात आजी सर्वांच्या आधी येते, लाल मुंजीच्याही आधी, आणि तिच्यानंतर येणारी सगळी माणसे कुठून आली हे निदान समजते.

तरी तिला पंधराच सेकंद. म्हणून राम मारुती रोडवरच्या एका दुकानात तिचा बारा बाय दहाचा प्रिंट काढायला दिला आणि जांभळी नाक्यावरून सागवानी पट्टीची चौकट काचेसह करून आणली. घरातले सगळे विचारतात, तिलाच का? आजोबा का नाहीत, सासरे का नाहीत? उत्तर माझ्याकडे नाही. आजीकडेही नसे, ती नुसती मान हलवी. दोरी मी मुद्दाम थोडी खालून बांधून घेतली आहे, म्हणजे चौकट पुढे झुकेल. एकोणिसाव्या मजल्यावर चिमणी येणार नाही हे मला माहीत आहे. ड्रिलवाला मिळाला आहे. तो फक्त रविवारी मोकळा असतो, आणि रविवारी ड्रिल चालवायला सोसायटीची मनाई आहे. सध्या चौकट सोफ्यामागे, भिंतीकडे पाठ करून उभी आहे आणि झाडूवाल्या बाई तिला बाजूला सरकवून केर काढतात.