कॅथरीन ला रोशेलचीच

मॉन्ट्रियलमध्ये लोकांच्या वंशावळी शोधून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. दिवस जातो मायक्रोफिल्मचे स्कॅन बघण्यात, आणि गिऱ्हाइकाला 'नाही' कसं सांगायचं याची जुळवाजुळव करण्यात.

हे गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त. घराण्याच्या मुळाशी अल्गोंक्विन, म्हणजे इथल्या एका मूलनिवासी जमातीतली, बाई आहे असं आजी सांगायची, ते कागदावर हवं होतं. सोबत इंटरनेटवरून उतरवलेला वंशवृक्ष. त्यात कॅथरीन पिलार, 'अल्गोंक्विन'. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

चौदाव्या लुईच्या खर्चाने १६६३ ते १६७३ या काळात लग्नासाठी म्हणून जवळपास ८०० मुली फ्रान्समधून इकडच्या फ्रेंच वसाहतीत धाडल्या गेल्या. कॅथरीन त्यांतलीच. माहेर ला रोशेल, लग्न १६६५ साली मॉन्ट्रियलमध्ये पिएर शारोंशी. तिच्या वंशजांच्या डीएनएत, आईकडून येणाऱ्या भागात, 'ए' गट निघाला. तो इथल्या मूलनिवासींतही सापडतो, त्यामुळे लोकांनी तिला परस्पर अल्गोंक्विन करून टाकलं. पुढे उपगट ए-१० असल्याचं कळलं, म्हणजे युरेशियातला. पण ऑनलाइन वृक्षांना दुरुस्ती चालत नाही. एकाने लिहायचं, हजारांनी उतरवायचं.

तरी सगळी साखळी जोडली, लग्नामागून लग्न. इथल्या चर्चच्या नोंदी हे खरंच सुख आहे. बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने लिहिली जाते आणि लग्नाच्या नोंदीत बहुधा दोन्हीकडच्या आईबापांची नावं असतात. वडिलांच्या नावामागे 'फ्यू' दिसलं की ते लग्नाआधीच वारलेले, म्हणजे दफनाची नोंद कुठवर शोधायची तेही कळलं. (आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या खापरपणजीचं माहेर काही केल्या सापडलं नव्हतं.) शिवाय नोंदवहीच्या प्रती दोन, एक चर्चची आणि एक कोर्टाची. कोर्टाची प्रत पाद्रीबुवा पुष्कळदा मागाहून, घाईघाईत उतरवत. साक्षीदार गळतात, वयं बदलतात. म्हणून मी दोन्ही काढते. आमच्या ऑफिसात याला वेळकाढूपणा म्हणतात.

त्या वेळकाढूपणातच ती सापडली. गृहस्थांच्या दुसऱ्या एका शाखेतला पूर्वज, मॉन्ट्रियलचा फरचा व्यापारी. त्याच्या लेकराचं दफन बघत होते. साल १७३३, देवीची साथ, पानंच्या पानं दफनांची. चर्चच्या प्रतीत शाई मागून फुटलेली, म्हणून कोर्टाची उघडली. लेकराच्या खालीच दोन ओळी: मारी, पानीज, वय अंदाजे चौदा, मालक म्हणून त्याच व्यापाऱ्याचं नाव. आडनाव नाही, आईबाप नाहीत.

पानी म्हणजे मूलनिवासी गुलाम, बाई असेल तर पानीज. १७०९ च्या हुकमाने त्यांची मालकी कायदेशीर झाली. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी वसाहतीतले चार हजारांवर गुलाम नोंदींतून हुडकले. त्यांतले दोन तृतीयांशाच्या आसपास मूलनिवासी, आणि त्यांचं मरतेवेळचं सरासरी वय अठराच्याही आत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाला मूलनिवासी पणजी हवी असते. पानीजबद्दल विचारायला अजून कुणी आलेलं नाही.

साहेब म्हणाले, "विचारलं तेवढंच द्या. गिऱ्हाईक दुखावेल." मी ते पान अहवालात ठेवलं. पूर्वजांच्या घरातलं माणूस आहे, ते अहवालाबाहेर कसं?

आठवड्याभराने गृहस्थांचा फोन आला. मला वाटलं, आता चिडणार. पण आवाज अगदी मऊ. "त्या मारीला मूलबाळ झालं होतं का हो? मालकापासून वगैरे? म्हणजे आमचा धागा तिथून लागत असेल तर..."

मला पटकन बोलणंच सुचेना. मग सांगितलं, व्यापाऱ्याच्या ज्या मुलापासून तुमची शाखा निघते तो त्याच्या लग्नाच्या बायकोचा, त्या मुलाचा बाप्तिस्मा अहवालात पान अकरावर आहे. मारी तेव्हा जन्मलीही नव्हती.

"बरं," म्हणाले. पैसे दुसऱ्याच दिवशी जमा झाले. परवा सहज त्यांचा ऑनलाइन वृक्ष उघडून पाहिला. व्यापारी आहे, हुद्द्यासकट. कॅथरीन अजून अल्गोंक्विनच आहे.