सुर्ल्याचा काळोख आणि हस्तातली जोडी

गोव्याच्या किनाऱ्यावर दिव्यांच्या उजेडात आकाश उरलेलंच नाही. म्हणून पणजी, मासळी, नातेवाईक हे सगळं भराभर उरकून आम्ही केरीवरून चोर्ला घाट चढलो आणि सुर्ल्याला मुक्काम टाकला.

पाडव्याआधीची अमावस्या होती. या दिवसांत हस्त नक्षत्र मध्यरात्री दक्षिणेला उंच येतं आणि मला त्यातल्याच एनजीसी ४०३८ आणि ४०३९ टिपायच्या होत्या. एकमेकींत घुसलेल्या दोन दीर्घिका, अंतर सुमारे सात कोटी प्रकाशवर्षं. लंडनहून ही जोडी क्षितिजाच्या जेमतेम २० अंश वर येते, गोव्यातून ५५.

तारे दाखवतो अशी जाहिरात करून अंगणात हॅलोजन जाळणाऱ्या होमस्टेंचा मला मनापासून राग आहे. इथेही पडवीत पांढराशुभ्र एलईडी होता. पण मी दुर्बिणीचं माउंट, म्हणजे तिचा फिरता आधार, लावत असतानाच घरच्या काकी बाहेर आल्या. "लाईट घालवू काय रे बाबा?" आणि नुसता स्वतःचा घालवून थांबल्या नाहीत. कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली, तिने पुढच्या घरी सांगितलं. बघता बघता वाडीच्या सगळ्या पडव्या काळ्या झाल्या. कुणी कारणही विचारलं नाही.

आठ इंची दुर्बीण, १८० सेकंदांचं एक्स्पोजर. पहिल्याच फ्रेममध्ये दोन गाभे आले. फ्रेमा साठत गेल्या तशा दीर्घिकांच्या दोन लांब, वाकड्या शेपट्या उमटल्या. गुरुत्वाकर्षणाच्या ओढीनेच अशा शेपट्या निघतात हे खगोलशास्त्रज्ञ तूम्रे बंधूंनी १९७२ साली संगणकावर दाखवलं. त्या इतक्या फिकट आहेत की एका पडवीचा दिवाही त्यांना पुसून टाकतो.

काकी लॅपटॉपवर वाकल्या. "भांडतात काय त्या?"

म्हटलं, तारे सहसा एकमेकांवर आदळतच नाहीत, मध्ये जागा फार. आदळतात ते वायूचे ढग, आणि त्यातून नवे तारे जन्मतात. हे बारीक निळे ठिपके तेच.

"म्हणजे घर वाढतंय," म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. दंव पडू लागलं तरी उठल्या नाहीत.

परतताना घाटात एका नव्या रिसॉर्टचे फ्लडलाइट दिसले, थेट वर आकाशात रोखलेले. झाकण लावून ते जमिनीकडे वळवायला कितीसा खर्च येतो? सुर्ल्याच्या वाडीने तर फुकटात काळोख करून दिला.