विद्यापीठाशी भागीदारी: सगळं अडलं ते विम्याच्या एका कागदावर

अमेरिकेतल्या विद्यापीठासोबत आशियाई संस्कृतीचा कार्यक्रम ठरला की मंडळाच्या बैठकीत वाद रंगतो तो आधी लेझीम की आधी लावणी यावर. खरी मेख असते विम्याच्या कागदात. आमच्यासह मराठी, कोरियन, व्हिएतनामी आणि जपानी अशा चार मंडळांचा कार्यक्रम एका सरकारी विद्यापीठात झाला आणि छान झाला. पण त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर.

सुरुवात सोपी असते. आशियाई अभ्यास विभागाला बाहेरच्या समाजाशी नातं हवंच असतं, त्यामुळे प्राध्यापक लगेच हो म्हणतात. फक्त त्यांचं ‘हो’ म्हणजे विद्यापीठाचं ‘हो’ नव्हे. करारावर सही करायचा अधिकार प्राध्यापकाला नसतो, बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखालाही नसतो. तो कॉन्ट्रॅक्ट्स किंवा प्रोक्युअरमेंट (खरेदी) कार्यालयाकडे असतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ‘सही कोण करणार?’

कागद दोन असतात आणि लोक ते एकच समजतात. एक सामंजस्य करार, म्हणजे एमओयू. त्यात कोण काय करणार एवढंच असतं आणि तो बहुधा बंधनकारक नसतो. दुसरा जागा वापरण्याचा करार. सभागृह या दुसऱ्या कागदावर मिळतं आणि विमाही हाच कागद मागतो. एमओयूवर सह्या झाल्या म्हणून पेढे वाटू नका.

आता विमा. साधारण मागणी असते जनरल लायबिलिटीची, म्हणजे कार्यक्रमात कोणाला इजा झाली किंवा कशाचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याची: एका घटनेला १० लाख डॉलर आणि एकूण २० लाख डॉलर. वर्षाची पॉलिसी असलेल्या मंडळाकडे एवढं संरक्षण बहुतेक असतंच. एजंट ‘अकॉर्ड २५’ नावाचा एकपानी दाखला पाठवतो, तुम्ही तो पुढे धाडता, आणि ‘रिजेक्टेड’ एवढाच शेरा घेऊन तो परत येतो. कारण कोणी लिहीत नाही. फोन केला की उत्तर मिळतं, ‘आमच्या वेबसाइटवर आहे’. ही तऱ्हा मला सर्वात जास्त खटकली. दाखला नाकारायची कारणं मोजकी आणि ठरलेली आहेत, ती एका ओळीत लिहायला काय जातं?

पहिलं कारण नावाचं. पानाच्या तळाशी डावीकडे ‘सर्टिफिकेट होल्डर’ची, म्हणजे दाखला ज्याला द्यायचा त्याच्या नावाची, चौकट असते. तिथे विद्यापीठाचं टी-शर्टवरचं नाव चालत नाही, कायदेशीर नाव लागतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचं असं नाव ‘द रीजन्ट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’ आहे, तर दुसरीकडे कुठे ‘बोर्ड ऑफ ट्रस्टीज’ असतं. हे नाव अंदाजाने लिहू नका, कराराच्या पहिल्या परिच्छेदातून अक्षरशः उचला. आपलंही नाव तसंच तपासा. पॉलिसीवर एक, डब्ल्यू-९ या कराच्या फॉर्मवर दुसरं आणि ‘५०१(सी)(३)’च्या, म्हणजे करमुक्त संस्था असल्याच्या, पत्रावर तिसरं असेल, कुठे ‘इन्कॉर्पोरेटेड’ आहे आणि कुठे नाही, तर कागद पुढे सरकत नाही.

दुसरं कारण सर्वात चिवट. विद्यापीठाला ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’ म्हणून, म्हणजे आपल्याच पॉलिसीचं संरक्षण मिळणारा जादा पक्ष म्हणून, घालावं लागतं. दाखल्यावर त्यासाठी एक अरुंद रकाना आहे, त्यात एजंट ‘वाय’ टाइप करतो आणि काम झालं असं समजतो. पण त्याच दाखल्याच्या माथ्यावर छापलेलं असतं की हा कागद फक्त माहितीसाठी आहे, त्यातून कोणताही हक्क मिळत नाही. म्हणजे नुसत्या ‘वाय’ने विद्यापीठाला काहीच मिळत नाही. पॉलिसीला जोडलेलं एन्डॉर्समेंटचं, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचं, वेगळं पान लागतं. एजंटला फोनवर ‘सर्टिफिकेट पाठवा’ म्हणू नका. ‘ॲडिशनल इन्शुअर्डचं एन्डॉर्समेंट आणि त्याची प्रत’ असं ईमेलने मागा. विद्यापीठाने ‘वेव्हर ऑफ सब्रोगेशन’ही (दिलेली भरपाई विमा कंपनी विद्यापीठाकडून वसूल करणार नाही, ही कबुली) मागितलं असेल तर तेही त्याच ईमेलमध्ये घाला. ते पुन्हा वेगळं एन्डॉर्समेंट असतं आणि त्याचा शेजारीच वेगळा रकाना असतो.

तिसरं कारण तारखांचं. आज चालू असलेली पॉलिसी कार्यक्रमाआधी संपत असेल तर आजचा दाखला निरुपयोगी. नूतनीकरणाची तारीख आधी बघा. मंच लावायचा आणि आवरायचा दिवसही संरक्षणात हवा.

चौथं कारण म्हणजे छापील यादीत असतात म्हणून मागितलेल्या गोष्टी: वाहन विमा आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर इजा झालेल्या कर्मचाऱ्यांसाठीचा विमा. ज्या मंडळात सगळे स्वयंसेवक, एकही पगारी माणूस नाही आणि मंडळाच्या नावावर गाडी नाही, त्यांनी तसं लेटरहेडवर लिहून अध्यक्षांची सही करून द्यावं आणि सूट मागावी. अशी सूट मिळू शकते, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

वर्षाची पॉलिसी नसेल तर ‘ट्युलिप’ विचारा. बाहेरच्यांनी कॅम्पसवर केलेल्या कार्यक्रमापुरता विमा देणारी ही योजना बऱ्याच विद्यापीठांत आहे. कार्यक्रमाचा प्रकार, माणसं किती, मद्य आहे का, यावर हप्ता ठरतो आणि विद्यापीठाचं नाव त्यात आधीच बरोबर घातलेलं असतं. एका कार्यक्रमासाठी मी आता हीच वाट धरायला सांगेन. मात्र हे संरक्षण सही करणाऱ्या यजमानाला असतं. आमच्यासारखी चार मंडळं असतील तर एकानेच प्रमुख म्हणून सही करावी आणि बाकीच्यांची नावं यजमान म्हणून घालता येतात का हे लेखी विचारावं. बाहेरून स्टॉल लावणाऱ्यांना आणि मांडव घालणाऱ्यांना आपापला दाखला आणायला सांगा.

जागा वापरण्याच्या करारात एक कलम वकील मित्र हमखास वाढवतात: नुकसानभरपाईची हमी दोन्ही बाजूंनी हवी. न्याय्य वाटतं, पण बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठाला अशी हमी कायद्यानेच देता येत नाही. मसुदा विधी विभागात जाऊन पडतो. ‘कायदा परवानगी देईल तेवढ्यापुरतं’ असे शब्द घाला किंवा प्रत्येकाने आपापल्या चुकीची जबाबदारी घ्यावी असं लिहा, म्हणजे गाडी हलते.

तारखेचं आधी सांगायला हवं होतं. आशियाई-अमेरिकन वारशाचा महिना मे आहे, १९९२च्या कायद्याने तसा ठरलेला. पण सेमिस्टर पद्धतीच्या विद्यापीठांत मेच्या सुरुवातीला परीक्षा आणि पुढे शुकशुकाट, म्हणून अनेक कॅम्पस तो एप्रिलमध्येच साजरा करतात. मेची तारीख धरलीत तर विद्यार्थी येणार नाहीत, आणि विद्यार्थीच नसतील तर सगळी पाहुणेमंडळी आपल्याच ओळखीची.

आपल्या मुलांच्या विद्यार्थी संघटनेच्या नावाने सभागृह फुकट घ्यायचा सल्ला कोणीतरी देतंच. तो ऐकू नका. बाहेरच्या संस्थेसाठी विद्यार्थ्यांनी आरक्षण करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि शिक्षा त्या संघटनेला होते. त्यापेक्षा विभागाला सहआयोजक करा, म्हणजे भाड्यात फरक पडू शकतो. तेव्हा बिल विभागाच्या कोणत्या खात्यावर जाईल तो क्रमांक आधीच घ्या.

उघडी ज्योत चालत नाही, दिवे एलईडीचे. रांगोळी थेट फरशीवर नको, प्लायवूडच्या फळीवर काढा आणि फळीच्या कडा टेपने चिकटवा. रंगांची पूड हवेत उडवायचा विचार असेल तर नकार गृहीत धरा. इथे मात्र कार्यालयाचं बरोबर आहे. २०१५ साली तैवानच्या वॉटर पार्कमध्ये रंगीत स्टार्चच्या पुडीने पेट घेतला, १५ जण गेले आणि जवळपास ५०० भाजले. ओले रंग मैदानावर मागून बघा.

जेवणाचा मक्ता बऱ्याच इमारतींत एकाच केटररकडे असतो. बाहेरचं जेवण आणायला वेगळी सूट लागते आणि तिचा अर्ज जागेच्या अर्जासोबतच करायचा असतो. मुलं नाचणार असतील तर अल्पवयीनांबाबतचे नियम वाचा. पालक सोबत असले की ते बऱ्याचदा सौम्य होतात. फ्लायरवर विद्यापीठाचा लोगो टाकायचा असेल तर छापण्याआधी मंजुरी घ्या आणि अपंगांसाठीच्या सोयीची ओळ विसरू नका, तिचा मजकूर विद्यापीठच देतं.

तबला, कोतो हे लांबलचक जपानी तंतुवाद्य आणि मोठे ढोल गाडीतून उतरवायला लोडिंग डॉक लागतो. त्याची वेळ सभागृहाबरोबर आपोआप आरक्षित होत नाही. शनिवारी त्याचं फाटक बंद असतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे शुक्रवारी दुपारी चारच्या आत विचारावं लागतं.