क्वेरसेटिन: कांद्यातलं आणि कॅप्सूलमधलं

इम्युनिटी वाढवतं आणि शुगरही कमी करतं, असं दोन्ही एकाच डबीवर लिहिलेलं दिसलं की मला तर आधी शंकाच येते. क्वेरसेटिनच्या कॅप्सूल सध्या अशाच खपवल्या जातायत. आता क्वेरसेटिन म्हणजे काही भलतंसलतं नाही बरं का, वनस्पतींतलंच एक द्रव्य आहे, कांदा, सफरचंदाची साल, चहा यात ते असतंच, साधारण जेवणातून दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम पोटात जातं, आणि कॅप्सूल एकदम ५०० ची.

शुगरचं म्हणाल तर लॅबमध्ये ते भारीच दिसतं. स्टार्चची साखर करणारं एक एन्झाइम आतड्यात असतं, अल्फा ग्लुकोसिडेज, त्याला ते अडवतं, अकार्बोज नावाची डायबेटिसची गोळी हेच काम करते. पण माणसांवर बघितलं तर उपाशीपोटीच्या शुगरवर परिणाम कधी थोडा दिसतो, कधी दिसतच नाही. बाकीच्या दाव्यांचं तर त्याहून अवघड आहे, कारण गिळलेलं क्वेरसेटिन आतड्याच्या भिंतीत आणि लिव्हरमध्येच बदलून जातं, रक्तात मूळ रूपात जवळपास काहीच पोचत नाही, मग परीक्षानळीत पेशींवर ओतून मिळालेले रिझल्ट आपल्याला कसे लागू होणार?

इम्युनिटीचंही तसंच. २००७ मध्ये सायकलपटूंवर एक ट्रायल झाली, रोज १००० मिलिग्रॅम, भरपूर दमवणारा व्यायाम, आणि नंतर सर्दी-खोकला खरंच कमी जणांना झाला, मात्र गंमत म्हणजे रक्तातली इम्युनिटीची मापं हललीच नाहीत! मग २०१० मध्ये हजार साध्यासुध्या लोकांना १२ आठवडे देऊन बघितलं तर एकूणात काही फरक नाही, फक्त चाळिशीपुढचे असून शिवाय स्वतःला फिट समजणारे जे होते, त्यांचे आजारपणाचे दिवस कमी भरले. म्हणजे सरसकट सगळ्यांना बूस्टर वगैरे म्हणायला आधार नाहीये.

कांदा मात्र बिनधास्त खा. त्यातलं क्वेरसेटिन ग्लुकोजला जोडलेलं असतं म्हणून सफरचंदातल्यापेक्षा जास्त शोषलं जातं, आणि लाल-पिवळ्या कांद्यात पांढऱ्यापेक्षा बरंच जास्त असतं. सोलताना वरच्या कोरड्या सालीबरोबर एक-दोन जाड रसदार पाकळ्याही आपण सटकन टाकून देतो ना, सगळ्यात जास्त तिथेच असतं ते. उकडलात तर बरंचसं पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी ओतून देऊ नका, सूपला वापरा.

डायबेटिसची गोळी कमी करून कॅप्सूल सुरू करायचा विचार असेल तर प्लीज नको, गोळीच्या जागी घ्यायची ही गोष्टच नाहीये. आणि वॉरफरिनसारखं ब्लड थिनर किंवा सायक्लोस्पोरिन (इम्युनिटी दाबून ठेवणारं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना डबी दाखवा, एवढ्या डोसमध्ये या औषधांचं रक्तातलं प्रमाण किंवा परिणाम बदलू शकतो.